सापडायची सोय

1994 साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी कारखान्यातल्या एका रोजच्या कटकटीवर उपाय शोधत होते. मोटारींच्या सुट्या भागांची खोकी येत, त्यांवर बारकोड असत. एका बारकोडात जेमतेम वीस अक्षरं मावत. त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड डकवावे लागत आणि कामगाराचा वेळ ते एकामागून एक वाचून घेण्यातच जाई. यावर हारा यांनी जी चौकोनी खूण काढली तिला आपण आज क्यूआर कोड म्हणतो. पानटपरीपासून पंढरपुरातल्या चुरमुरे-बत्ताशांच्या दुकानापर्यंत ती सगळीकडे चिकटलेली असते, म्हणूनच तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. एकदा बघा. तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन दिसतील. त्यांच्यात माहिती अशी काहीच नसते. खूण कुठे आहे आणि कोणत्या बाजूने वाचायची, एवढंच ते यंत्राला सांगतात. हे चौकोन कसे असावेत यासाठी हारा यांच्या मंडळींनी मासिकं, जाहिरातींचे कागद, पुठ्ठ्याची खोकी असं बरंच छापील साहित्य पालथं घातलं आणि काळ्या-पांढऱ्याचं असं प्रमाण शोधून काढलं, जे छपाईत सहसा येतच नाही. ते निघालं 1:1:3:1:1. चौकोनाच्या मध्यातून आडवी, उभी, तिरकी कशीही रेघ ओढा, हेच प्रमाण मिळतं.

खुणेच्या पोटात सात हजार आकडे मावतात याचं लोकांना अप्रूप वाटतं. मला अप्रूप आहे ते त्या तीन रिकाम्या चौकोनांचं. माहिती भरण्याआधी ती सापडेल कशी याचा विचार कुणीतरी केला आणि त्यासाठी खुणेतली चांगली ऐसपैस जागा सोडून दिली. कामाच्या ठिकाणी तंत्रज्ञानाच्या मदतीने माहिती कशी द्यावी-घ्यावी, हा या पुस्तकाचा विषय. त्याची सुरुवात मी या चौकोनांपासून करतो, कारण आपल्याकडे नेमकी तीच जागा सोडायची राहते.

ही जपानी खूण आपल्या जिल्ह्यात कशी रुजली ते सोलापूरकरांना ऐकून तरी माहीत आहेच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत 2009 साली रणजितसिंह डिसले शिक्षक म्हणून आले. ते मूळचे बार्शीचे, अभियांत्रिकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून अध्यापनाकडे वळलेले. शाळा म्हणजे गोठा आणि कोठार यांच्या मधोमध अडकलेली पडकी इमारत. पहिली ते चौथीच्या पाठ्यपुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड घातले. कोड मोबाइलपुढे धरला की त्या धड्याची कविता ऐकू यायची, चित्रफीत दिसायची, गोष्ट आणि स्वाध्याय मिळायचा. क्यूआर कोड वापरणारी ही राज्यातली पहिली शाळा. त्यांनी शासनाला प्रस्ताव दिला, काही ठिकाणी प्रयोग करून पाहिला गेला आणि 2017 साली राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत कोड घालायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा केली. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले यांना वार्की फाउंडेशनचं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

त्यांच्याबद्दलची चर्चा बहुतेक ठिकाणी त्या रकमेपासून सुरू झाली आणि तिथेच संपली. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर प्रश्न वेगळा आहे. धड्यांच्या चित्रफिती, कवितांच्या ध्वनिफिती त्याआधी नव्हत्या का? शिक्षकांच्या पेनड्राइव्हमध्ये होत्या, सीडींवर होत्या, यूट्यूबवर होत्या. पण परितेवाडीतल्या दुसरीच्या मुलीला किंवा दिवसभर रानात राबून आलेल्या तिच्या आईला त्या शोधायच्या तर काय टाइप करायचं, हे कुठे माहीत होतं? डिसले सरांनी शोधायचं काम त्यांच्या वतीने आधीच उरकून ठेवलं. माहिती आणून ठेवली ती मुलाचं बोट ज्या पानावर आधीपासून होतं त्याच पानावर. त्यासाठी यंत्र फारसं लागलं नाही, पण कोणत्या धड्यासमोर काय ठेवायचं हे प्रत्येक पानासाठी एका माणसाला बसून ठरवावं लागलं. पुढे दीक्षा हा शासकीय मंच 2017 मध्ये आला, तेव्हा कोडखाली सहा अक्षरांचा संकेतांकही छापला जाऊ लागला. कॅमेरा फुटलेला असला तरी ती सहा अक्षरं टाइप करून धडा उघडता येतो. खेड्यातले फोन कोणत्या अवस्थेत असतात हे ठाऊक असलेल्या कुणाला तरी ही गोष्ट सुचली असणार.

एक धोका मात्र त्यातही आहे आणि तो सगळ्याच कचेऱ्यांना लागू होतो. छापलेला कोड पुस्तकात वर्षानुवर्षं राहतो. तो ज्या पत्त्यावर नेतो तिथली माहिती कुणी हलवली, तर पानावर नुसती काळी-पांढरी ठिपकेदार नक्षी उरते. आज आपल्या कितीतरी सूचनाफलकांवर असे मेलेले कोड आहेत. उद्घाटनाला फोटो निघतो, नंतर तो कोड कुणी उघडून बघत नाही.

आता शाळेतून बाहेर पडून इतर कामांकडे येऊ. माहिती वाटण्याचं तंत्रज्ञान म्हटलं की सोलापुरात, आणि सोलापुरातच कशाला, सगळ्या महाराष्ट्रात पहिलं नाव व्हॉट्सॲपचं. तालुक्याचा ग्रुप, केंद्राचा ग्रुप, कारखान्याच्या पाळीचा ग्रुप, साहेब असलेला ग्रुप आणि साहेब नसलेला ग्रुप. एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात. सोलापूरच्या जुन्या पिढीला आपल्या गिरण्यांचा भोंगा आठवत असेल. 1877 साली निघालेली जुनी मिल आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर निम्म्या शहराचा दिवस चाले. व्हॉट्सॲपचा ग्रुप हा तसाच भोंगा आहे. एका क्षणी सगळ्यांना सांगायचं तर त्याला तोड नाही. पण सकाळी भोंग्याने काय सांगितलं होतं, हे दुपारी भोंग्याला विचारता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी आलेलं परिपत्रक ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली, वाढदिवसांखाली आणि पन्नास ‘ओके सर’खाली गाडलं गेलेलं असतं. मग कुणीतरी विचारतं, ‘ते पत्र परत टाका ना.’ पत्र परत येतं आणि परत गाडलं जातं.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे कामाच्या जागी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा सहज बोलल्या जातात. यंत्रमागाच्या पट्ट्यात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा. अशा ठिकाणी लिहिण्यापेक्षा बोललेलं रेकॉर्ड करून पाठवणं लोकांना सोपं जातं आणि ते बरोबरच आहे. ज्याला मराठी लिहिता येत नाही त्यालाही या सोयीमुळे मालकाला नेमकी अडचण सांगता येते. मी स्वतः या सोयीच्या बाजूचा आहे. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, की बोललेला निरोप शोधता येत नाही. ‘ताण्याला कोणता रंग सांगितला होता’ हे शोधायला पस्तीस निरोप एकापाठोपाठ ऐकावे लागतात. ज्या निरोपाची पुढे गरज लागणार आहे त्याच्याखाली कुणीतरी एक ओळ टाइप करावी: तारीख, ऑर्डर, रंग. ही ओळ कोणत्याही भाषेत चालेल.

व्हॉट्सॲपला नावं ठेवून विषय संपत नाही. डाळिंबाचंच घ्या. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागात डाळिंबाने अनेक घरं उभी केली आणि ‘तेल्या’ने त्यातली काही बसवलीही. तेल्या म्हणजे जिवाणूंमुळे पडणारे तेलकट डाग. पावसाळी दमट हवेत तो बघता बघता बागभर पसरतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरातच, केगावला आहे. आज शेतकरी डाग दिसला की आधी फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो: ‘हे काय आहे? कोणती फवारणी घेऊ?’ दहा मिनिटांत बारा उत्तरं येतात आणि बाराही वेगळी असतात. उत्तर देणाऱ्यांचा यात फार दोष नाही. फोटोत दिसतं एक फळ आणि त्यावरचा एक डाग. बाग मृग बहाराची की हस्त बहाराची, छाटणी केव्हा झाली, पाऊस शेवटचा कधी पडला, मागची फवारणी कशाची आणि कधी, पानांवर नि काडीवर डाग आहेत का, यातलं काहीही त्यात नसतं. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याला नेमकं तेच हवं असतं. चांगले सल्लागार आता काय करतात, तर ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवतात की फोटोबरोबर या पाच गोष्टी लिहा. पाच ओळी लिहायचा कंटाळा येतो हे खरं. पण त्या लिहिलेल्या असल्या तर पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाला तोच डाग दिसेल तेव्हा उत्तर तयार असतं. नाहीतर तोच प्रश्न, तीच बारा उत्तरं.

कांद्याच्या बाजारभावाची गोष्ट याहून अवघड आहे. सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याची आवक राज्यातल्या मोठ्या आवकांपैकी. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचा तक्ता येतो: आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. चार रकाने, चारही उपयोगाचे. गावातल्या ग्रुपवर फिरतो त्यातला एकच, कमाल दर. त्या दराने किती माल गेला, कसला गेला, हे त्यात नसतं. चांगल्या वाळलेल्या, एकसारख्या कांद्याच्या थोड्या गोण्यांना मिळालेला भाव अख्ख्या तालुक्याचा भाव म्हणून वाचला जातो, लोक गाड्या भरतात आणि दुसऱ्या दिवशी आवक इतकी वाढते की तो भाव उरत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता दोन रुपयांचा धनादेश मिळाला. ती बातमी देशभर फिरली. अशी पट्टी ‘कमाल दर’ या रकान्यात कधी दिसत नाही.

याउलट उदाहरण केरळचं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा 2007 सालचा अभ्यास त्या विषयात फार वाचला जातो. 1997 नंतर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आले, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच बंदरांवरचे भाव विचारू लागले. बंदराबंदरांतली भावांची तफावत कमी झाली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून द्यायची वेळ जवळपास उरली नाही. आपल्याकडे हा दाखला भाषणांत वरचेवर येतो. मच्छीमाराला माहिती मिळाली तेव्हा त्याची होडी अजून समुद्रात होती, ती वळवता येत होती, हे मात्र त्यात कुणी सांगत नाही. कांद्याची गाडी आडत्याच्या दारात उभी राहिल्यावर मिळालेल्या भावाचं शेतकऱ्याने करायचं काय? माहिती कधी मिळाली, यावर तिची निम्मी किंमत ठरते. पुस्तकात बाजारभावाचं प्रकरण आहे ते म्हणूनच काढणीच्या आधीपासून सुरू होतं.

थोडं मागे जातो. माहिती यंत्राला कळेल अशी लिहून ठेवणं सोलापूरला नवं नाही. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी कशी उमटते हे ज्यांनी जकार्ड मागापाशी उभं राहून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मागाच्या वर पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. प्रत्येक पुठ्ठ्यावर भोकं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक पुठ्ठा सरकला की धोटा फिरतो, मग पुढचा. डिझाईन काढणाऱ्याने आलेखाच्या कागदावर चौकट चौकट भरून जे ठरवलं, ते पुठ्ठ्यांत उतरतं आणि मग तो माणूस मागाजवळ नसला तरी मोर बरोबर उमटतो. जोसेफ मारी जकार्डने फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1804 च्या सुमारास हे जुळवलं. पुढे अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने माणसांची मोजदाद भोकांच्या कार्डांवर केली आणि संगणकाच्या घराण्याची सुरुवात बरीचशी तिथे झाली. आता शहरात इलेक्ट्रॉनिक जकार्डही आले आहेत, डिझाईन पेनड्राइव्हवर येतं. पण जुन्या पुठ्ठ्यांवर क्रमांक असतात हे विसरू नये. माळेची दोरी तुटली आणि पुठ्ठे जमिनीवर पसरले, तर भोकं कितीही अचूक असोत, क्रमांक नसेल तर मोराची मान शेपटीला लागते.

क्रमांकावरून सरकारी कचेरीत यावं लागतं. तिची टिंगल करायची आपल्याला सवय आहे, पण माहिती सापडायची सोय म्हणून महाराष्ट्राच्या प्रशासनाने जे केलंय ते खाजगी कंपन्यांनीही बघावं असं आहे. सहा गठ्ठा पद्धत सगळ्या लिपिकांना ठाऊक असते. टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत: कार्यवाहीची प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, रेकॉर्ड रूमला पाठवायची निकाली प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ जेमतेम एका वर्षाचा. यातला दुसरा आणि सहावा गठ्ठा मला विशेष वाटतो. आपलं काम कुणामुळे अडलंय हे वेगळं काढून ठेवणं आणि कोणती माहिती टाकून द्यायची हे आधीच ठरवणं, या दोन गोष्टी महागातल्या सॉफ्टवेअरमध्येही लोक वापरत नाहीत. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना दप्तराची अशीच शिस्त लावली, तिला लोक आजही ‘लखिना पॅटर्न’ म्हणतात. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम घेतली, तेव्हा पुणे विभागात येणाऱ्या सोलापूरच्या कचेऱ्यांनीही वर्षानुवर्षांचे गठ्ठे सोडून वर्गवारी केली. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा तर कलम 4 मध्ये सरळ सांगतो, की दप्तराची सूची करा, अनुक्रमणिका लावा, जमेल तितकं संगणकावर घ्या. नागरिकाने अर्ज करण्याच्या आधीचं हे कर्तव्य आहे. अर्ज कसा करावा याच्या कार्यशाळा गावोगाव होतात. कलम 4 वर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर घातला की नेमका तोच निर्णय उघडतो आणि ग्रुपवर आलेली पीडीएफ खरी की कुणी मधली ओळ बदललेली, हे मिनिटभरात कळतं. नव्या लिपिकाला पहिल्या दिवशी शिकवावं असं हे आहे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्याला सांगितलं जातं, ‘अमुक भाऊसाहेबांना विचार, त्यांना सगळं पाठ आहे.’ भाऊसाहेबांना खरंच पाठ असतं. कोणतं प्रकरण कोणत्या कपाटात, कोणत्या साली नाव बदललं, कोणत्या पत्राचा संदर्भ कुठे लागतो. मग भाऊसाहेब निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं आणि सोमवारपासून अख्खं कार्यासन आंधळं होतं.

संगणक आल्यावर हे सुटायला हवं होतं. मराठीत ते सुटलं नाही, त्याचं मोठं कारण फॉन्ट. हा भाग मला सविस्तर सांगावासा वाटतो, कारण त्यावर बोलायची लोकांना लाज वाटते. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख वगैरे, अशा जुन्या फॉन्टांत वर्षानुवर्षं टायपिंग झालं. दिसायला पडद्यावर मराठी, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं. त्यांच्यावर मराठी आकारांचे मुखवटे चढवलेले. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट असला तरी ‘सोलापूर’ टाइप करून शोधलं तर उत्तर येतं, काही सापडलं नाही. संगणक खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी त्या फाइलमध्ये ‘सोलापूर’ कुठेच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे साधन हाताशी येऊन तीस वर्षं उलटली आणि तरी छापखान्यांत, शाळांत, काही कचेऱ्यांत आजही नवी फाइल जुन्या फॉन्टात सुरू होते, कारण बोटांना तोच कळफलक ठाऊक आहे. टंकलेखनाची परीक्षा देऊन बोटं बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्टचा कळफलक शिकायला सांगणं म्हणजे त्याचा वेग काही महिने निम्म्यावर आणणं, हेही मान्य करायला हवं. जुन्या कळफलकावर युनिकोड टाइप करायची सोय मिळते, ती बसवून द्यावी. माणसाला बदलायला लावण्यापेक्षा ते लवकर होतं.

युनिकोड आलं म्हणून सगळं सापडतं असंही नाही. ‘माहिती’ शोधणाऱ्याला ‘माहीती’ सापडत नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ एकाच अक्षराच्या रूपाने साठवता येतो आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे. आडनावांचं तर विचारू नका. एकाच तेलुगू आडनावाची मराठीत तीन लेखनं, तीनही अधिकृत कागदांवर. जुन्या इंग्रजी कागदांत शहराचंच नाव ‘शोलापूर’ होतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1884 चा जिल्हा-खंडही त्याच नावाने आहे, तेव्हा ‘सोलापूर’ घालून तो शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसतं चित्र. त्यातली अक्षरं यंत्राने ओळखून घेतल्याशिवाय शोधण्याचा प्रश्नच नाही. म्हणून फाइलला नाव देताना दिलेली अर्धी मिनिटं फार मोलाची. ‘नवीन डॉक्युमेंट 7 फायनल 2’ या नावाची फाइल प्रत्येक संगणकात आहे आणि तिच्यात काय आहे हे तिच्या जन्मदात्यालाही सांगता येत नाही.

हे सगळं करायचं कुणी? खरा वाद इथे आहे आणि पुस्तकाने तो टाळलेला नाही. संस्थेचे प्रमुख सॉफ्टवेअरला पैसे देतात, सर्व्हरला देतात, प्रशिक्षणाच्या जेवणालाही देतात. कागदाला नाव देणं, जुनी माहिती काढून टाकणं, मेलेला कोड बदलणं, यासाठी कुणाच्या कामाच्या वेळेतला एक तासही देत नाहीत. ते काम ‘जाता जाता’ व्हावं अशी अपेक्षा असते. जाता जाता ते होत नाही. आता यंत्राला मराठीत प्रश्न विचारून उत्तर मिळवायचे दिवस आले आहेत आणि अनेकांना वाटतं की आता दप्तर लावायची गरजच संपली. उलट आहे. ते यंत्रही तुमच्याच फाइली वाचून तुमच्या कचेरीबद्दलचं उत्तर देणार. फाइल जुन्या फॉन्टात असेल, दोन परिपत्रकांतलं रद्द झालेलं कोणतं हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते ठामपणे रद्द झालेलंच सांगेल.

सगळंच सगळ्यांना सापडावं, असंही माझं म्हणणं नाही. रुग्णाचा अहवाल, लाभार्थ्याचा आधार क्रमांक, मुलींच्या वसतिगृहाची यादी ग्रुपवर पडते तेव्हा ते वाटप नसतं, तो हलगर्जीपणा असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला. त्याआधीही शहाणी माणसं हे पाळत होतीच.

हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायची गरज नाही. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांच्या कोडांचं प्रकरण आधी घ्यावं, बागायतदारांनी फोटो आणि नोंदींचं, कचेरीतल्या मंडळींनी फॉन्टांचं. त्या प्रकरणातली चाचणी आजच करून बघा: पाच वर्षांपूर्वीची एखादी मराठी फाइल उघडा आणि तिच्यातला डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द टाइप करून तिच्यातच शोधा. आणि तुमच्या कार्यालयात निवृत्तीला वर्षभर उरलेले कुणी भाऊसाहेब असतील, तर पुस्तक तूर्त बाजूला ठेवा, एक वही घ्या आणि आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा.